पुढे बसवलेला सिलिंडर

"सिलिंडर पुढे?" थर्मासचं झाकण उघडता उघडता बोर्ये थांबला. "एवर्ट, सिलिंडर मागे असतो. देवाने माणसाला ढुंगण मागे दिलंय ना, तसा. हे काय मांडलंयस तू?"

"कॉफी ओत," एवर्ट म्हणाला.

"ओततो रे. पण गोदीत कुणी असा उद्योग केला असता तर फोरमनने त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलला असता."

"फोरमन मेला. ओत."

बोर्येने दोन पेल्यांत कॉफी ओतली. एवर्टच्या पेल्यात अर्धीच, कारण पूर्ण भरलेला पेला एवर्टच्या हातात गेला की निम्मी कॉफी जमिनीवर जायची. याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. बोर्ये अर्धी ओतायचा आणि एवर्ट दोनदा मागायचा.

गॅरेजच्या टेबलावर वेल्डिंगची गाडी उलटी पडली होती, पोट वर करून. दुकानातून आणलेली साधी लोखंडी गाडी : वर यंत्र ठेवायला तिरका पत्रा, खाली एक कप्पा, मागे गॅसचा सिलिंडर उभा करायची पाटी आणि मागची दोन चाकं मोठी, पुढची दोन लहान, फिरती. एवर्टने सिलिंडरची पाटी ग्राइंडरने कापून काढली होती. आता ती पुढच्या टोकाला, जमिनीपासून चार बोटं उंचीवर बसवायचं त्याने योजलं होतं. पुढची फुटकळ चाकं काढून तिथे जुन्या बाबागाडीची चाकं येणार होती. दांडाही नवा होता, जाड पाइपचा, बाक देऊन वळवलेला.

बोर्येला सांगण्याजोगं कारण एवर्टकडे होतं, आणि न सांगण्याजोगंही होतं. त्याने पहिलं सांगितलं.

"लहान चाकं मोरीच्या जाळीत अडकतात. आणि पाटी खाली असली की सिलिंडर उचलावा लागत नाही, नुसता तिरका करून सरकवायचा."

"ते समजलं. पण पुढे का?"

"बघशील."

बोर्येने खांदे उडवले. दोघांनी स्वीडनमधल्या उद्देवालाच्या गोदीत एकाच पाळीत तेलवाहू जहाजांचे पत्रे जोडले होते. गोदी बंद पडली तेव्हा बोर्ये बस चालवायला लागला आणि एवर्ट शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेला. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी, आणि हल्ली मधल्या वारीही, बोर्ये थर्मास घेऊन यायचा. एवर्टची बायको मायब्रिट गेल्यापासून त्या घरात कॉफी नीट व्हायची नाही, असं त्याचं म्हणणं.

न सांगण्याजोगं कारण एवर्टच्या पायांत होतं.

कंपवाताचं निदान होऊन दोन वर्षं झाली होती. आधी उजवा हात थरथरायला लागला, त्याचं एवर्टला फारसं काही वाटलं नाही. हात टेकवता येतो. कोपर टेबलाच्या व्हाइसवर, शिकंज्यावर, दाबून धरलं की थरथर मनगटापाशीच थांबते आणि टाका जागच्या जागी पडतो. पण मग पाय बिघडले. चालता चालता ते जमिनीला चिकटायचे, जणू बुटांच्या तळव्यांना कुणी टाका मारला असावा. उंबरठा, मोरीची जाळी, फरशीवरची रंगाची रेघ, काहीही आडवं दिसलं की पाय थांबायचे आणि वरचं अंग मात्र पुढे जायचं. धरायला काही असलं तर ठीक. एखाद्या गोष्टीवर भार टाकला की पाय सुटायचे आणि पुढची पावलं बरी पडायची.

ऑक्टोबरात नगरपालिकेची उपचारतज्ज्ञ येऊन गेली होती. लिनेआ तिचं नाव. वयाने नातीएवढी, 'तू' म्हणून बोलणारी, बूट दाराशी काढून मोज्यांवर घरभर फिरलेली. तिने एवर्टला चालायला लावलं, उठायला-बसायला लावलं आणि आपल्या मोटारीतून एक करडा, चाकांचा वॉकर आणून दिला. दांड्याची उंची कशी ठरवायची तेही दाखवलं : बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाची घडी जिथे येईल तिथे दांडा.

"घरात तू भिंती धरून निभावतोस," ती म्हणाली होती. "गॅरेजचं मला पटत नाही, एवर्ट. तिथे केबल आहेत, उतार आहे, धारदार लोखंड आहे. नोव्हेंबरात मी परत येईन. तेव्हा तू तिथे कसा वावरतोस ते मला दाखव. जमत असेल तर छान. नाहीतर गॅरेज बंद."

गॅरेज बंद म्हणजे काय, हे तिने सांगायची गरज नव्हती. एवर्टची मुलगी मारिता शेजारीच बसली होती. तिने तिच्या घराजवळच्या, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत बापाचं नाव आधीच घालून ठेवलं होतं. घर आज ना उद्या विकायचंच होतं. पण गॅरेज चालू आहे तोवर 'उद्या' म्हणता येत होतं.

लिनेआ गेल्यावर एवर्टने वॉकर कपाटात ढकलला, मायब्रिटच्या कोटांमागे. वॉकर धरून चालणारा माणूस आजारी असतो. गाडी ढकलत चालणारा माणूस कामावर असतो. एवर्टला एवढा फरक पुरेसा होता.

फक्त गाडीने भार घ्यायला हवा होता, आणि दुकानातली गाडी तो घेत नव्हती. तिचा दांडा मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे येत होता. त्यावर वजन टाकलं की पुढची चाकं हवेत, बागेतल्या सी-सॉसारखी. आस आणखी मागे सरकवला तर चालताना नडग्या त्यावर आपटणार. म्हणजे उपाय एकच : पुढच्या टोकाला भरपूर वजन. जुनं वेल्डिंग यंत्र असतं तर प्रश्नच नव्हता, ते दोघांना मिळून उचलावं लागायचं. पण निवृत्तीच्या वेळी मारिताने हौसेने नवं यंत्र घेऊन दिलं होतं, सुटकेसएवढं, एका हाताने उचलता येईल असं. त्याचा उपयोग नव्हता. घरात पुरेशी जड आणि गाडीवर असायलाच हवी अशी वस्तू एकच होती. सिलिंडर भरलेला असो की रिकामा, त्याचं वजन पोलादाचं असतं, आतला वायू त्यात नावापुरता. एवर्टने पुठ्ठ्यावर खडूने आकृती काढली, अंतरं मोजली, स्वतःचं वजन मांडलं. अख्खं अंग दांड्यावर टाकलं तरी गाडी उलटत नव्हती.

त्याने गाडी उलटीची सुलटी करून वेल्डिंग सुरू केलं. बोर्येने दाराकडे तोंड फिरवलं. गोदीतल्या माणसांची डोळे वाचवायची ती सवयच. पण त्या दिवशी त्याला टाके बघायचे नव्हते, हेही खरं. पूर्वी एवर्टचा टाका नाण्यांची चवड आडवी करून ठेवावी तसा पडायचा, एकावर एक सारखी गोल खवलं. आता तो ढेकळांसारखा पडत होता. एवर्ट प्रत्येक टाक्यानंतर थांबायचा, कोपर पुन्हा टेकवायचा, श्वास धरायचा. मग वरची ढेकळं ग्राइंडरने घासून काढायची. आत धातू नीट वितळून एकजीव झाला की झालं. दिसायला कसाही असो.

दोन-तीन दिवसांनी गाडी उभी राहिली. पुढे सिलिंडर, दोन साखळ्यांनी आवळलेला. मागे दांडा, एवर्टच्या मनगटाच्या घडीबरोबर. दांड्याला मायब्रिटच्या सायकलचा ब्रेक, तो दाबला की मागच्या टायरांवर रबराची पट्टी बसायची आणि खटका लावला की बसलेलीच राहायची. एवर्टने ब्रेक सोडला आणि टेबलापासून मोठ्या दारापर्यंत चालत गेला. मोरीच्या जाळीवरून. थांबला नाही. वळला आणि परत आला.

बोर्ये पेला हातात धरून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा हळूहळू उतरली.

"अच्छा," तो म्हणाला.

एवर्टने ब्रेकचा खटका लावला.

"म्हणून पुढे."

"म्हणून पुढे."

बोर्येने फडकं उचललं. "रंग कोणता देतोयस? करडा देऊ नकोस म्हणजे झालं."

"गोदीतला उरलाय. जहाजाच्या पोटाचा, लाल."

"दे तोच," बोर्ये म्हणाला आणि पेला उगाचच फडक्याने पुसत बसला.

गुरुवारी मारिता वाटाण्याचं सूप घेऊन आली. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि नंतर पॅनकेक, हा मायब्रिटचा क्रम तिने मोडला नव्हता. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर लोकांना काय कशासोबत घ्यायचं नाही हे सांगून घरी आल्यावर ती सगळ्याच गोष्टींकडे तशाच नजरेने बघायची. सूप वाढताना तिला बापाच्या स्वेटरच्या बाहीवर काळ्या कडांचं भोक दिसलं.

"पप्पा. हे काय?"

"कुठे काय?"

"वेल्डिंग केलंस. तू मला शब्द दिला होतास."

"गाडीचं थोडं काम होतं. झालं ते."

"गाडी कशाची? वेल्डिंगची. म्हणजे गाडी झाली की वेल्डिंग सुरू." मारिताने चमचा खाली ठेवला. "तुझ्या हाताकडे बघ. सूप तोंडात जाईपर्यंत अर्धं बशीत परत जातंय, आणि तू हातात आग धरणार?"

"मोहरी दे."

"मी काय बोलतेय आणि तू मोहरी मागतोयस!"

"सुपाला मोहरी लागते."

तिने मोहरीच्या चटणीची नळी त्याच्यापुढे आपटली. एवर्टला तेव्हा सांगता आलं असतं. गाडी वेल्डिंगसाठी नाही मारिता, गाडी चालण्यासाठी आहे, चल दाखवतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते बोलून टाकले असते तर त्या क्षणी गाडीचा वॉकर झाला असता. घरी बनवलेला, लाल रंगाचा, पण वॉकरच. मारिताने मान वाकडी करून "अरे वा" म्हटलं असतं, आणि तो स्वर त्याला सोसला नसता.

"मंगळवारी लिनेआ येतेय," तो म्हणाला. "तिला गॅरेज दाखवतो. तू पण ये. तेव्हा बघ."

"काय बघू?"

"ये तर खरं."

मारिताने पुन्हा वाद घातला नाही. त्या घरात वाद कधी शेवटापर्यंत जात नसत, अर्ध्यावर कुणीतरी उठून भांडी विसळायला लागायचं. तिने भांडी विसळली, उरलेलं सूप डब्यात भरलं आणि जाताना त्याच्या गालाला गाल लावला. एवर्टला वाटलं, टळलं.

शनिवारी बोर्ये त्याला बंदरावर घेऊन गेला. कोळंबी आली होती. दोघं बोर्येच्या मोटारीतच बसून, मांडीवर कागद पसरून, सोलून खात बसले. काचेवर पाऊस नव्हता आणि नव्हता असंही नाही. नोव्हेंबरात तिथे असतं तसं ते, हवेतच मुरलेलं पाणी. एवर्ट घरी आला तेव्हा दमला होता. पाय जिन्याशी चिकटले, बोर्येने हाताला धरून वर घेतलं. त्या दिवशी तो गॅरेजमध्ये गेलाच नाही.

रविवारी सकाळी गेला.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला एक पायरी होती. पायरीच्या भिंतीला कठडा होता आणि पायरीखाली, दांडा आपल्याकडे करून, ब्रेकचा खटका लावून गाडी उभी असायची. ती तिथे ठेवायची जागा एवर्टने ठरवून ठेवली होती : डावा हात कठड्यावर, उजवा दांड्यावर, मग दोन्ही दांड्यावर आणि मग पाऊल. त्याने दिव्याचं बटण दाबलं. थंडीत ट्यूब लगेच लागत नाहीत. गुणगुणतात, एकदा चमकतात, मग पुन्हा विचार करतात. एवर्ट त्यांच्यासाठी थांबला नाही. अंधारात गाडीचा दांडा जागेवर होता, हाताला लागला. त्याने दोन्ही हात त्यावर ठेवले आणि अंगाचा भार टाकला.

दांडा खाली गेला.

इतका सहज गेला की पहिल्या क्षणी एवर्टला वाटलं, आपणच वर उचलले जातोय. पुढची चाकं हवेत आली, यंत्र सरकून फरशीवर आदळलं आणि तो डाव्या कुशीवर पडला. खुब्यातून एक आवाज आला. ओलं लाकूड मोडावं तसा.

ट्यूब लागल्या.

गाडी त्याच्या शेजारी आडवी पडली होती. पाटी रिकामी होती. सिलिंडर नव्हता. आधी त्याच्या मनात चोर आला. मग त्याला साखळ्या दिसल्या. चोराने साखळ्या लोंबत सोडल्या असत्या. या साखळ्या एकमेकींत नीट अडकवून ठेवलेल्या होत्या, कडी कडीत, जमिनीवर घासू नयेत म्हणून. असं करणारं माणूस त्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. शाळेच्या दप्तराचे पट्टे ती असेच अडकवून ठेवायची.

तो फरशीवर पडून राहिला. थंडी खालून वर चढत होती. दुखणं एका जागी नव्हतं, श्वास घेतला की सगळीकडे जायचं. ओरडून उपयोग नव्हता, शेजारचं घर उन्हाळ्यापुरतंच उघडायचं. रविवार होता, बोर्ये येणार होता. तोवर विचार करण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि एवर्टचा विचार एकाच जागी फिरत होता. गाडी बरोबर होती. आकडे बरोबर होते. टाके कुरूप होते पण एकही सुटला नव्हता. परवा लिनेआसमोर तो या फरशीवरून तिकडे आणि तिकडून इकडे चालला असता आणि तिला मान डोलवावी लागली असती. मारिताने फक्त एवढंच बघितलं की सिलिंडर गेला म्हणजे आग गेली. तिचं काय चुकलं? गाडीवरचा सिलिंडर वेल्डिंगचाच असतो, हे कुणीही सांगेल. तो दुसरं काही काम करत होता, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

आणि बोर्येला.

बोर्येने दार उघडलं तेव्हा थर्मास त्याच्या हातातून सुटला नाही, पण त्याने तो जमिनीवर ठेवायला नको इतका वेळ घेतला. मग तो गुडघ्यांवर बसला.

"कुठे लागलंय?"

"खुबा. अँब्युलन्स बोलाव."

बोर्येने फोन केला, पत्ता सांगितला, स्वतःचा कोट काढून एवर्टवर घातला. मग त्याची नजर गाडीकडे गेली आणि रिकाम्या पाटीवर थांबली.

"सिलिंडर कुठे गेला?"

"गाडी उचल," एवर्ट म्हणाला. "भिंतीशी नेऊन ठेव. यंत्र वर ठेव."

"आधी सांग, सिलिंडर कुणी…"

"बोर्ये. ते यायच्या आत गाडी भिंतीशी ने."

बोर्येला समजायला फार वेळ लागला नाही, कारण त्या घराची किल्ली तिघांकडेच होती आणि तिघांतले दोघं इथे होते. तो उठला, गाडी उभी केली, भिंतीशी नेली, यंत्र वर ठेवलं.

"माझा पाय पायरीवर अडकला," एवर्ट म्हणाला. "हातात काही नव्हतं."

"तू वेडा आहेस."

"असू दे."

खुब्यात धातूची सळई घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोर्ये दवाखान्यात आला. खाटेशेजारी बसून त्याने आधी हवामानाबद्दल सांगितलं, मग कोळंबीचा भाव चढल्याबद्दल, मग त्याच्याने राहवलं नाही.

"तुझी गाडी शंभर नंबरी होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी बघितलंय तुला चालताना. लिनेआला सांग. गाडी आपणहून उलटली नाही, गाडीचं वजन कुणी काढून नेलं म्हणून उलटली. मग ती म्हणेल, ठीक आहे, सिलिंडर परत लावा. गॅरेज राहील तुझं."

"आणि मारिता?"

"मारिता मोठी बाई आहे. चूक झाली, होते चूक."

"तिने आईचं बघितलंय," एवर्ट म्हणाला. "मायब्रिटची गाठ आधीच आपल्या लक्षात यायला हवी होती, हे ती अजून म्हणते. डॉक्टर सांगून थकले, कुणालाच आली नसती. तरी म्हणते. आता हे पण स्वतःवर घ्यायला लावू तिला?"

"आणि तुझ्या पायांवर ढकलतोस तू सगळं?"

"पाय जाणारच आहेत रे. दोन वर्षांनी काय, आता काय."

"दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं असतात, गाढवा!" बोर्येचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. बोर्ये उठला, टोपी डोक्यावर दाबली आणि गेला. दारातून परत आला, खुर्चीवर विसरलेला थर्मास उचलला आणि मग खरंच गेला.

मारिता दुपारी आली, लिनेआसोबत. मंगळवारची गॅरेजमधली भेट अशी दवाखान्यात झाली. मारिताचे डोळे सुजलेले होते. खुर्ची ओढून ती बसली आणि लिनेआ अजून उभी असतानाच बोलायला लागली, जणू थांबली असती तर बोलू शकली नसती.

"पप्पा, तुला एक सांगायचंय. शनिवारी तू बंदरावर गेलास ना, तेव्हा मी येऊन सिलिंडर नेला. दुकानाला परत केला. सांगणार होते मी रविवारी. भीती वाटत होती, तू चिडशील म्हणून. न विचारता केलं, ते चुकलंच माझं."

"बरं केलंस," एवर्ट म्हणाला.

"चिडला नाहीस?"

"नाही."

तिचा चेहरा सैल पडला. "मी रात्रभर विचार करत होते," ती म्हणाली. "सिलिंडर तिथे असता तर? तू पडताना तो अंगावर आला असता तर? निदान ते तरी टळलं."

एवर्टने पांघरुणाची कड सारखी केली. "हो," तो म्हणाला. "ते टळलं."

लिनेआ खाटेच्या कडेला टेकली. तिने कागद काढला नाही, पेन काढलं नाही. "एवर्ट, मला एक नीट आठवून सांग," ती म्हणाली. "त्यावर बरंच अवलंबून आहे. पडलास तेव्हा तू कशाला धरलं होतंस का? कठडा, टेबल, एखादी गाडी, काहीही? आधार असताना पडलास की आधार नसताना? आधाराचीच काही अडचण असेल तर ती आपण दुरुस्त करू शकतो. गॅरेजचा मग परत विचार करता येईल. पण पाय उचललाच गेला नसेल, तर मग मला वेगळं ठरवावं लागेल."

ती हुशार मुलगी होती. तिने प्रश्न बरोबर त्या जागी ठेवला होता. आता एकच वाक्य पुरे होतं, आणि ते खरंही होतं. मारिताचा हात खाटेवर होता, त्याच्या हातापासून वीतभर. तिच्या बोटांना हिरवट खूण होती, सिलिंडरच्या मानेवरच्या रंगाची. घासूनही गेली नव्हती.

"कशालाच धरलं नव्हतं," एवर्ट म्हणाला. "पाय उचललाच गेला नाही."

लिनेआने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिने मान हलवली. "मग गॅरेज नको, एवर्ट."

"नको," एवर्ट म्हणाला.

"वॉकर वापरशील?"

"वापरीन."

एवढ्या पटकन मिळालेल्या होकाराने मारिता चमकली. दोन महिने ती याच शब्दासाठी झगडत होती. आता तो मिळाला तर त्याचं काय करायचं हे तिला कळेना. तिने बापाचा हात हातात घेतला. लिनेआ निरोप घेऊन गेल्यावर ती नव्या इमारतीबद्दल सांगत राहिली. तळमजल्यावर एक घर रिकामं होतंय. दारांना उंबरठे नाहीत. खिडकीतून फ्योर्डची खाडी दिसत नाही, पण बाल्कनीच्या टोकाला उभं राहिलं तर थोडी दिसते. एवर्ट 'बरं' म्हणत होता.

"गॅरेजमधलं सामान बोर्ये नेईल का?" तिने विचारलं. "अवजारं, यंत्र. ती गाडी पण."

"त्याला विचार."

"गाडी मात्र विचित्र आहे हां ती." ती किंचित हसली, किती दिवसांनी. "सिलिंडर काढला आणि गाडी परत जागेवर ठेवायला गेले, तर काय हलकी झाली होती! नुसता दांडा धरला तर पुढची चाकं वर…"

ती थांबली.

एवर्टने तिच्याकडे बघितलं. लहान असताना गणित करता करता ती अशीच थांबायची. पेन्सिल हवेत, नजर वहीच्या पलीकडे. तेव्हा तो तिला उत्तर सांगायचा नाही, थांबून राहायचा, आणि उत्तर आलं की तिच्या डोळ्यांत आधी दिसायचं.

"मारिता," तो घाईने म्हणाला, "कॉफी आणतेस मला? इथली पाणी आहे नुसती. बाहेरच्या यंत्रातली आण."

"हो," ती म्हणाली. पण लगेच उठली नाही. मग उठली.

यंत्र कॉरिडॉरच्या टोकाला होतं, आणि एवर्टला खाटेवरून कॉरिडॉर दिसत नव्हता. खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. पलीकडचा माणूस घोरत होता. तिला यायला फार वेळ लागला.

ती आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. केसांच्या कडा ओल्या होत्या. तिने पेला त्याच्या हातात दिला आणि तो नीट धरेपर्यंत आपलाही हात त्याभोवती ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "सावकाश घे."

तो सावकाश प्यायला. नंतर घर विकलं, सामान गेलं, गाडी बोर्येच्या शेडमध्ये गेली. त्या गाडीबद्दल बापलेक कधीच बोलले नाहीत.